सायकलीवरचा माणूस कोणत्या वर्गाचा?

(अंबरनाथ येथे सायकलस्वार आणि कामगार कार्यकर्ते यांच्या संयुक्त सभेत केलेले भाषण)



अवतार सैनी यांच्या स्मरणार्थ आपण एकत्र यावे असे ठरले, तेव्हा आपल्यातील काही जुन्या कार्यकर्त्यांनी एक प्रश्न उपस्थित केला. इंटेलसारख्या बलाढ्य अमेरिकन कंपनीचा भारतातील माजी प्रमुख, राहणार चेंबूरचा. त्याचा आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कष्टकऱ्यांचा संबंध काय? त्याच्यासाठी शोकसभा घ्यायला त्याच्या वर्गातील माणसे समर्थ आहेत, आपण त्यात कशाला पडायचे? प्रश्न रोखठोक आहे आणि विचारणाऱ्यांनी तो तळमळीने विचारला आहे. त्याला हळव्या शब्दांनी उत्तर देणे हा त्यांचा अपमान ठरेल. म्हणून आधी वस्तुस्थिती सांगतो.

28 फेब्रुवारी 2024 रोजी पहाटे, सहा वाजण्याच्या सुमारास, नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रस्त्यावर सैनी सायकल चालवीत होते. सोबत नेहमीचे सायकलस्वार होते. मागून भरधाव आलेल्या टॅक्सीने त्यांना उडविले. सायकल गाडीच्या पुढच्या चाकांखाली अडकली आणि तशीच फरफटत गेली. सोबत्यांनी त्यांना रुग्णालयात पोहोचविले, पण प्राण वाचले नाहीत. त्यांचे वय 68 होते. चालकावर गुन्हा दाखल झाला.

हा माणूस कोण होता? मुंबईच्या व्हीजेटीआयमधून अभियंता झालेला, इंटेलच्या 386 आणि 486 या सूक्ष्मप्रक्रियकांवर काम केलेला, आणि पुढे पेंटियमच्या रचनेत अग्रभागी राहिलेला. आज तुमच्या पतपेढीत, शाळेत, विजेच्या बिलाच्या खिडकीत जो संगणक बसलेला आहे, त्याच्या पूर्वजांना बुद्धी देणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. त्यांच्या मृत्यूची बातमी देशभरच्या वृत्तपत्रांनी दिली, ती याच कारणासाठी. परंतु त्यांच्याबरोबर पहाटे निघणाऱ्या मंडळींचे जे हरपले, ते या बातमीत मावणारे नव्हते.

सायकलस्वारांच्या सोबतीचे एक वैशिष्ट्य आहे. बदलापूरहून बारवी धरणाकडे, कोंडेश्वराकडे किंवा मुळगावच्या खंडोबाकडे पहाटे निघणाऱ्यांना ते ठाऊक आहे. या सोबतीत माणसे एकमेकांचे तोंड फारसे पाहत नाहीत; पाठ पाहतात. कोण चढाला दमतो, कोण उताराला ब्रेक सोडतो, कोण पुढे जाऊन वळणावर थांबतो आणि मागच्याला आल्याशिवाय हलत नाही, यावरून माणूस ओळखला जातो. कित्येकदा वर्षभर बरोबर फिरूनही हा कोठे नोकरी करतो हे माहीत नसते, आणि विचारण्याची गरजही वाटत नाही. चढावर पेटंटांचा उपयोग होत नाही. पंक्चर काढणारा हात कोणत्या पगाराचा आहे हे ट्यूबला समजत नाही. आपल्या जातिग्रस्त आणि हुद्देग्रस्त समाजात अशा जागा किती उरल्या आहेत? अशा एका जागेवरून ओळखीची पाठ एकाएकी नाहीशी होणे म्हणजे काय, हे येथे पुढच्या रांगेत बसलेल्या सायकलस्वार मित्रांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सायकलीवर बसलेला माणूस कोणत्या वर्गाचा असतो?

आपण वर्ग ठरवितो तो उत्पादनसाधनांच्या मालकीवरून, आणि ते योग्यच आहे. परंतु रस्त्यावर एक निराळी वर्गव्यवस्था चालते, आणि तिचा निकष आहे वजन. ज्याच्याभोवती दीड टन पोलाद आहे तो वरचा. ज्याच्याभोवती स्वतःच्या कातडीखेरीज काही नाही तो खालचा. सैनी घरी असताना, सभागृहात असताना, विमानतळावर असताना एका वर्गाचे होते. त्या पहाटे खोगिरावर बसताक्षणी ते दुसऱ्या वर्गात आले: पाववाल्याच्या, इडलीच्या डब्याला भोंगा लावून फिरणाऱ्या मद्रासी पोराच्या, तिसऱ्या पाळीवरून परतणाऱ्या पहारेकऱ्याच्या वर्गात. त्यांची विद्वत्ता, त्यांचे नाव, त्यांची सांपत्तिक स्थिती यांपैकी कशानेही त्यांना संरक्षण दिले नाही. जो रस्ता इतक्या मोठ्या माणसाला वाचवू शकत नाही, तो रस्ता निनावी माणसाचे काय करीत असेल?

त्याचे उत्तर केंद्र सरकारनेच छापलेले आहे. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत सायकलस्वार होते 4,836, आणि पायी चालणारे 32,825. भागाकार केला तर दररोज तेरा सायकलस्वार आणि नव्वद पादचारी. सैनी गेले त्या दिवशीही या हिशोबाने आणखी बाराजण कोठे ना कोठे गेले असतील. त्यांची नावे त्यांच्या तालुक्याबाहेर गेली नाहीत. आपण आज ज्यांचे स्मरण करीत आहोत त्यांच्याबरोबर त्या बारा जणांना या सभागृहात बसायला जागा द्यावी, एवढ्यासाठीच मी ही सभा घ्यावी असा आग्रह धरला.

पण मग असे म्हणतात की सायकल आता राहिली कोठे? सगळे मोटारसायकलीवर गेले. 2011 च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून बाकीच्या कामगारांना विचारले गेले होते, की तुम्ही कामावर कसे जाता. शंभरांपैकी सुमारे 23 जण पायी जात, 13 सायकलीने. मोटारीने जाणारे तीनसुद्धा नव्हते. त्यानंतर आकडे बदलले असतील, मोटारसायकली निश्चित वाढल्या आहेत. पण ज्या तिघांसाठी रस्ता रुंद होतो आणि ज्या छत्तीसांना तो ओलांडता येत नाही, त्यांच्यातील प्रमाण काही उलटे झालेले नाही. रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. जमीन कसेल त्याची, असे आपण एकेकाळी गर्जून सांगितले. रस्त्याच्या जमिनीचे वाटप कोणत्या तत्त्वाने होते, हा प्रश्न मात्र आपण कधी नगरपालिकेत विचारलासुद्धा नाही. तेथे जो मोठा, त्याला मोठा वाटा, हे तत्त्व आपण निमूटपणे मान्य केले. आपल्या घोषणापत्रांत वीज, पाणी, रेशन, भाडेनियंत्रण सारे असते. पदपथाला त्यात जागा मिळत नाही.

आपल्या या पट्ट्याकडे पाहा. 1919 साली स्थापन झालेली धरमसी मोरारजी, 1920 च्या दशकातील विम्को, स्वातंत्र्यानंतरची ऑर्डनन्स फॅक्टरी, शहाडची सेंच्युरी रेयॉन, आणि पुढे औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती. या कारखान्यांभोवती ही गावे फुगली. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी बांधवांनी महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बरॅकीत संसार मांडले आणि 1949 साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या सगळ्या उद्योगाला घरापासून फाटकापर्यंत पोहोचविणारे वाहन कोणते होते? भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडे. हँडलला डबा, कॅरियरला पोर किंवा पीठ. संध्याकाळी दिवा नसेल तर पोलीस अडवी. डबलसीट सापडलात तर चाकाची हवा सोडून देई आणि पुढची वाट दोघांना चालत काढावी लागे. त्या काळी सायकलवाल्याला शिस्त लावण्यासाठी राज्ययंत्रणा इतकी तत्पर होती! तीच तत्परता ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीपुढे कोठे विरघळते हे एक कोडेच आहे.

2020 च्या टाळेबंदीत या वाहनाने पुन्हा एकदा आपले खरे स्वरूप दाखविले. आगगाडी बंद, बस बंद, मजुरी बंद. तेव्हा मुंबई आणि भिवंडीच्या परिसरातून कामगार मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून उत्तरेकडे निघाले. पुष्कळसे पायी निघाले, आणि ज्यांना जमले त्यांनी गाठीची पुंजी मोडून सायकली विकत घेतल्या. शेकडो कोस दूरच्या गावी पोहोचविण्यासाठी राज्यसंस्थेपाशी काही नव्हते, सायकलीपाशी होते. आणि त्याच वर्षी 3 जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. काही योगायोग इतके कडवट असतात की त्यांवर भाष्य करू नये.

सैनींच्या मृत्यूनंतर काही सल्ले दिले गेले. हेल्मेट घाला, चकाकणारे कपडे घाला, मागे लाल दिवा लावा. सल्ले चांगले आहेत आणि मीही ते देईन. परंतु मरणाऱ्याने अधिक चांगल्या प्रकारे दिसावे एवढीच जर आपली सुरक्षिततेची कल्पना असेल, तर ती फार दरिद्री कल्पना आहे. पदार्थविज्ञानाचा साधा नियम असा, की वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. तीसच्या वेगाने धडकणारी मोटार आणि साठच्या वेगाने धडकणारी तीच मोटार यांत हाडे मोडणे आणि प्राण जाणे एवढा फरक पडतो. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हणूनच सांगितले गेले, की जेथे माणसे आणि मोटारी एकत्र वावरतात तेथे ताशी तीस किलोमीटरची मर्यादा असावी. आपल्याकडे रस्ता तयार करताना तो साठ-सत्तरचा वेग सहज घेता येईल असा गुळगुळीत आणि सरळ करावयाचा, आणि नंतर कडेला वेगमर्यादेची पाटी लावावयाची, अशी रीत आहे. चालक पाटी वाचत नाही, रस्ता वाचतो.

आणि चालकाविषयीही मी बोलणार आहे, कारण तोही कामगार आहे. नेरूळच्या प्रकरणाचा निवाडा न्यायालय करील, त्यात आपण शिरू नये. मी एकूण व्यवस्थेविषयी बोलतो. 1961 साली या देशाने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला आणि दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. ती मर्यादा कामगार चळवळीने मिळविलेली होती. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. पण मोबाइलवरून बोलावल्या जाणाऱ्या टॅक्सीच्या चालकाला कंपनी कामगार म्हणतच नाही. तो तिचा 'भागीदार' असतो! भागीदाराला तास नसतात, रजा नसते, झोप नसते. हप्ता मात्र असतो. रात्रभर गाडी हाकणारा असा भागीदार आणि पहाटे निघालेला सायकलस्वार जेव्हा एका रस्त्यावर येतात, तेव्हा दोघांच्याही दैवाचा निर्णय तिसऱ्याच कोणी आधी घेतलेला असतो.

जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे सैनी गेले त्याच्या सात-आठ आठवडे आधी, देशभर मालमोटार चालकांनी चाके थांबविली होती, हे तुम्हाला आठवत असेल. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्यायसंहितेत होती, तिला त्यांचा विरोध होता. सरकारने माघार घेतली आणि 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम तेवढे स्थगित ठेवले. सायकलस्वार मित्रांपैकी काहींना ही माघार खटकली. त्यांची चीड मला समजते. तरीही माझे मत असे, की पळून जाणारा चालक बहुधा जमावाच्या मारहाणीच्या भीतीने पळतो, आणि दहा वर्षांची शिक्षा त्या भीतीवर इलाज नाही. शिक्षेची लांबी वाढविणे सरकारला स्वस्त पडते. रस्ता बदलणे महाग पडते, ठेकेदार दुखावतो, मोटारवाला मतदार दुखावतो.

रस्ता बदलता येतो का, याचे उत्तर हॉलंडने दिलेले आहे. आज आपण त्या देशाची सायकलींनी भरलेली चित्रे पाहतो आणि समजतो की ती त्यांची परंपराच असणार. वास्तविक महायुद्धानंतर तेथेही मोटारींनी शहरे ताब्यात घेतली होती. 1971 या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्यांतली एक. त्याने 1972 मध्ये आपल्या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता, बालहत्या थांबवा. 'अपघात' हा शब्द त्याने मुद्दामच टाळला होता. त्या मथळ्यातून चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर बसले, गल्ल्या अडवून मुलांना खेळायला सोडले, संसदेवर सायकली नेल्या. तिची पहिली अध्यक्षा मार्टये फान पुटेन ही तरुण आई पुढे मजूर पक्षाच्या वतीने युरोपच्या संसदेत गेली. 1973 च्या तेलसंकटाने या चळवळीला हात दिला हे खरे, पण तेलसंकट आपल्याकडेही आले होते. आपल्याकडे त्याचे रूपांतर रांगांत झाले, तेथे सायकलमार्गांत झाले.

आपल्या पक्षातील ज्या मंडळींना सायकल हा हौशी लोकांचा विषय वाटतो, त्यांनी आपलाच इतिहास चाळावा. 1894 साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी सायकल मंडळ काढले आणि रविवारी गावोगाव सायकलीवरून जाऊन तेच साप्ताहिक वाटले. आपण ज्या साप्ताहिकासाठी वर्गणीदार मिळत नाहीत म्हणून दरवर्षी हळहळतो, त्याच्या चालकांनी याची नोंद घ्यावी! जर्मनीतील कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडारिटेट' हा संघ 1896 मध्ये स्थापन झाला, लाखोंनी सभासद झाले, आणि 1933 मध्ये हिटलरने त्यावर बंदी घातली. सायकलस्वारांची हुकूमशहाला भीती का वाटावी? आणि दूर कशाला जा, डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेली बाबा आमट्यांची 'भारत जोडो' यात्रा सायकलींचीच होती. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते गाडीत आडवे पडून बरोबर असत, आणि शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकली मारीत. सेवा दलाच्या मुशीतून आलेल्या कित्येकांना ती यात्रा अजून पाठ असेल.

आता थोडे कटू बोलतो. येथे बसलेल्या सायकलस्वार मित्रांची एक मागणी आहे, की रविवारी पहाटे काही तास एखादा रस्ता मोटारींना बंद करावा. मागणी मान्य झाली तर मला आनंदच होईल. पण तिसऱ्या पाळीचा कामगार सोमवारी रात्री साडेअकरालाही त्याच रस्त्याने जातो. त्याची सायकल लाख रुपयांची नाही, तिला गिअर नाहीत, पुष्कळदा दिवाही नाही. तुमच्या मागणीत तो नसेल तर नगरपालिका तुम्हाला रविवारचा खेळ देईल आणि बाकीचे सहा दिवस काढून घेईल. आणि कामगार संघटनेच्या साथींना सांगतो, की फाटकाच्या आत बोट तुटले तर तुम्ही काम बंद पाडता. त्याच कामगाराचा फाटकापासून फर्लांगभर अंतरावर चेंदामेंदा झाला तर ती दैवाची गोष्ट म्हणून हार घालून परत येता. हे बरोबर नाही. घरापासून फाटकापर्यंतचा रस्ता हा कामाचाच भाग आहे.

एक तपशील सांगून ठेवतो, तो तुम्हाला उपयोगी पडेल. ठोकरणारे वाहन सापडलेच नाही, तरीही मृताच्या कुटुंबाला दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळण्याची केंद्राची योजना 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. पूर्वी मृत्यूबद्दल अवघे पंचवीस हजार होते. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पोलिसांनी कुटुंबाला या योजनेची माहिती दिली पाहिजे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये दिला. दोन लाखांत माणूस परत येत नाही, परंतु पहारेकऱ्याच्या विधवेला गावी जाऊन वर्षभर तग धरता येतो. आपल्या प्रत्येक शाखेत हा अर्ज भरून देणारा एक तरी कार्यकर्ता हवा.

आणि शेवटी कामाचे. वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग बदलापूरजवळून जात आहे, आपल्या भागातील रस्तेही रुंद होत आहेत. आराखड्यांवर हरकती घ्यायच्या तर 'आमच्याकडे सायकली पुष्कळ आहेत' एवढे सांगून भागणार नाही. अधिकारी म्हणेल, किती? तो आकडा त्याच्यापाशी नाही, म्हणून तो आपण आणावयाचा. अंबरनाथच्या मोरिवली आणि आनंदनगर वसाहती, बदलापूरची औद्योगिक वसाहत, शहाडचे फाटक, आणि विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतची चारही स्थानके येथे पाळी बदलताना दोघादोघांनी उभे राहून मोजणी करावयाची आहे. एक सायकलस्वार मंडळींतला आणि एक संघटनेतला, अशी जोडी असावी. सायकली वेगळ्या मोजा, पायी जाणारे वेगळे. त्यांत बायका किती आणि दिवा नसलेल्या सायकली किती तेही लिहा. आठवडाभर, तिन्ही पाळ्यांना. रात्रीच्या पाळीसाठी नावे कमी आली आहेत. वही दाराशी ठेवली आहे. जाताना ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव आणि वेळ तेथे लिहून जावे.